टाकीवर क्लोरिनची ओटी चाचणी पिवळी, खालच्या आळीचा नमुना मात्र ‘पिण्यास अयोग्य’. दोष कुठे शोधायचा?

गावपाणी
नमस्कार मंडळी. आमची नळपाणी योजना लहान आहे. ओढ्याकाठी विहीर, व्यास ६ मीटर, आत्ता ४ मीटर पाणी. तिथून मोटारीने ५०,००० लिटरच्या उंच टाकीत आणि टाकीतून ९० मिमी पीव्हीसीची लाइन. पाणी एक दिवसाआड, सकाळी पाऊण तास. लाइनचं शेवटचं टोक खालच्या आळीत, टाकीपासून ४०० मीटर.

मोठा पाऊस झाल्यावर खालच्या आळीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण निघाले. वरच्या आळीत नाहीत. हजार लिटरला ५ ग्रॅम या हिशोबाने दर भरणीला २५० ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतोय. टाकीच्या आउटलेटला ओटी (ऑर्थोटोलिडिन, क्लोरिन असलं की पाण्याला पिवळा रंग देणारं रसायन) पिवळी येते. तरी उपकेंद्राने खालच्या आळीतल्या नळाचा नमुना पाठवला, तो अयोग्य आला. आता विचारायचं ते असं: टीसीएल सरळ दुप्पट करावं का? विहिरीतही टाकावं का? टाकी ठीक असेल तर दोष शोधायचा कुठून? आणि तोवर लोकांना काय प्यायला सांगायचं?

व्हॉल्व्हमन
दुप्पट करू नका, निदान आज तरी नाही. वरच्या आळीत रुग्ण नाहीत आणि खालीच आहेत, म्हणजे घाण टाकीच्या पुढे, लाइनमध्ये शिरते आहे असं धरून चाला. टीसीएल वाढवलं तर टाकीजवळच्या घरांना वास येईल आणि ती माणसं नळ सोडून उघड्या आडाचं पाणी प्यायला लागतील. शेवटच्या टोकाला मात्र क्लोरिन तसंही पुरणार नाही, कारण ते वाटेत घाणीवरच खर्च होतंय.

एक दिवसाआड पाऊण तास पाणी म्हणजे ४८ तासांपैकी सव्वासत्तेचाळीस तास लाइन बिनदाबाची. दाब असतो तेव्हा गळतीतून पाणी बाहेर येतं. चावी बंद झाली की वरच्या भागातलं पाणी खालच्या नळांतून निथळतं आणि मागे लाइनमध्ये पोकळी तयार होते. त्या वेळी जिथे भेग, सैल सॉकेट किंवा तोटी नसलेला नळ घाण पाण्यात बुडालेला असेल, तिथून ते पाणी आत ओढलं जातं. पावसाळ्यात गटार तुडुंब असतं, म्हणून साथ नेमकी तेव्हाच येते. त्यात कोणी लाइनला थेट मोटार लावली असेल, तर चालू पाण्यातसुद्धा आजूबाजूच्या जोडांवर ओढ बसते.

शोधायची पद्धत सोपी आहे, क्लोरोस्कोप (ओटीचा रंग जुळवून क्लोरिन मोजायची पेटी) घेऊन लाइन चालत जायची. पाणी सोडल्यावर दहा मिनिटांनी सुरुवात करा: टाकीचं आउटलेट, मग दर ५०-६० मीटरवर एक नळ, शेवटपर्यंत. प्रत्येक ठिकाणी आकडा आणि वेळ लिहा. चांगल्या लाइनमध्ये एवढ्या अंतरात क्लोरिन थोडं थोडं उतरतं. कुठे ते एकदम कोसळलं, तर दोष त्या दोन नळांच्या मधे आहे.

दुसरी चाचणी शेवटच्या नळावर घ्या. पाणी आल्याबरोबर एक ओटी, पाचव्या मिनिटाला दुसरी, पंधराव्या मिनिटाला तिसरी. पहिली शून्य आणि नंतर वाढत गेली, तर बंद काळात घाण आत आली आणि आता धुऊन निघते आहे. तिन्ही शून्य असतील तर चालू पाण्यातच कुठेतरी शिरकाव आहे, नाहीतर टोक मृत (जिथे पाणी फिरत नाही असं) असून तिथे गाळ आणि बुळबुळीत थर साचला आहे.

प्रयोगशाळेतून
व्हॉल्व्हमन दादांचं म्हणणं बरोबर, पण टाकीवरच्या त्या ‘पिवळी’वर मी एवढ्यात विश्वास ठेवणार नाही. किती पिवळी आणि किती सेकंदांत? ओटी टाकल्यावर पहिल्या दहा सेकंदांत जो रंग येतो तो मुक्त क्लोरिनचा. पाच-दहा मिनिटं नळी हातात धरून बसलात तर अमोनियाशी बांधलं गेलेलं क्लोरिनही रंग देतं आणि आकडा फुगतो. हे बांधलेलं क्लोरिन जंतू मारण्यात फार मंद आहे. ओढ्याकाठच्या विहिरीत पावसाचं पाणी उतरलं की अमोनिया अनेकदा असतो, त्यामुळे तुमच्याकडे ही गफलत होण्याची शक्यता जास्त. लोह, मँगनीज आणि नायट्राइटमुळेही खोटा पिवळा रंग येतो. जमलं तर डीपीडी गोळ्यांचं किट मागवा, त्यात मुक्त क्लोरिन वेगळं कळतं. ओटीचं रसायन हाताला लागू देऊ नका आणि तपासलेलं पाणी टाकीत परत ओतू नका.

आता ५ ग्रॅमचा हिशोब. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरिन असतं. त्यातून ५ ग्रॅमला हजार लिटरमागे १.६५ ग्रॅम, म्हणजे लिटरला १.६५ मिलिग्रॅम मिळतं. पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली, पत्र्याच्या खोलीत तापलं की ताकद झपाट्याने उतरते. पावडर १५ टक्क्यांवर आली असेल तर तेच २५० ग्रॅम फक्त पाऊण मिलिग्रॅम देतात. गढूळ पाणी तेवढं सहज पिऊन टाकतं, मागे काही उरत नाही. २० टक्क्यांच्या खालची पावडर वापरायचीच नाही. पोत्यातला नमुना हवाबंद डबीत प्रयोगशाळेकडे पाठवा, पाण्यासारखीच पावडरही तपासून मिळते.

तोवर हॉरॉक्स चाचणी करा. पेटी आरोग्य केंद्रात असते. पावडरची ताकद आणि पाण्याची भूक, दोन्ही एकदम मोजणारी ही चाचणी आहे, म्हणून मला ती फार आवडते. मात्र पाणी विहिरीतलं घ्या, टीसीएल न पडलेलं.

काळ्या कपात एक सपाट चमचा, म्हणजे २ ग्रॅम पावडर. थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग आतल्या खुणेपर्यंत पाणी भरा, ढवळा आणि निवळू द्या. सहा पांढरे कप काठाच्या एक सेंटिमीटर खालपर्यंत विहिरीच्या पाण्याने भरा. निवळीचा एक थेंब पहिल्या कपात, दोन दुसऱ्यात, असे सहाव्यात सहा. प्रत्येक कप वेगळ्या काडीने ढवळा. अर्धा तास थांबा, घड्याळ लावून. मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब टाका. ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग दिसतो, तो कितवा ते बघा. तितके चमचे पावडर ४५५ लिटरला लागते.

पहिलाच कप निळा झाला तर ४५५ लिटरला २ ग्रॅम, म्हणजे हजार लिटरला ४.४ ग्रॅम. तुमचा ५ ग्रॅमचा नियम याच्याजवळ येतो, म्हणजे तो स्वच्छ पाणी आणि ताजी पावडर धरून आहे. दुसरा कप निळा झाला तर तुमच्या टाकीला ४४० ग्रॅम लागतील, तिसरा झाला तर ६६०. एकच आकडा बारा महिने चालवणं चुकीचं आहे.

गावपाणी
दोघांचेही आभार. आकडे देतो.

हॉरॉक्स: दुसऱ्या कपात निळा. आधीच्या मात्रेवर टाकीच्या आउटलेटला दहा सेकंदांत जेमतेम ०.२ (लिटरला मिलिग्रॅम) दिसत होतं, गडद पिवळं व्हायचं ते नंतर. ४४० ग्रॅम केल्यावर: टाकी ०.७, देवळाजवळ ०.६, शाळा ०.५. रस्त्याखालची मोरी ओलांडून पलीकडच्या पहिल्या नळाला ०.१ आणि शेवटच्या नळाला शून्य. शेवटच्या नळाला पंधराव्या मिनिटाला ०.१ आलं.

शाळा ते मोरी ६० मीटर. मोरीत लाइन गटारातूनच जाते. अलीकडे व्हॉल्व्हचा चेंबर आहे, त्यात पाणी भरलेलं असतं. खालच्या आळीत दाब कमी म्हणून लोकांनी अंगणात खड्डे करून नळ खाली घेतलेत.

व्हॉल्व्हमन
तीन संशयित मिळाले, तिन्ही बघावे लागतील.

चेंबर आधी. आतलं पाणी उपसून काढा आणि पाणी चालू असताना व्हॉल्व्हच्या दांड्याजवळ बघा. तिथली पॅकिंग दोरी झिजली की चालू पाण्यात बारीक धार उडते आणि बंद काळात चेंबरमधलं पाणी त्याच वाटेने आत जातं. नवीन दोरी भरून ग्लँड आवळणं तासाभराचं काम. चेंबरच्या भिंती जमिनीच्या वर वीत-दीड वीत उचला, झाकण बसवा आणि तळाला निचऱ्यासाठी खडी घाला.

मोरी हा माझ्या मते मुख्य गुन्हेगार. गटारातून गेलेल्या पीव्हीसीवर हमखास एखादा जोड सायकलची ट्यूब आणि तार गुंडाळून ‘दुरुस्त’ केलेला सापडतो. ट्यूब आतला दाब कसाबसा धरते, बाहेरून आत येणारं पाणी अडवत नाही. तो तुकडा कापून काढा आणि नवा पाइप कपलरने जोडा. दोन्ही टोकं कोरडी आणि घासलेली हवीत. ओल्या पाइपवर सॉल्व्हंट सिमेंट धरत नाही आणि तोच जोड महिन्याभरात सुटतो. एक दिवस दाब देऊ नका. जमेल तर लाइन मोरीच्या स्लॅबवरून घ्या, बाहेरून मोठ्या व्यासाचा लोखंडी पाइप घालून. गटार आणि पाण्याची लाइन समांतर असतील तर तीन मीटर अंतर हवं. ओलांडावंच लागलं तर पाण्याची लाइन वर, किमान अर्धा मीटर.

खड्ड्यातल्या नळांचा प्रश्न माणसांचा आहे, त्यामुळे तो सगळ्यात अवघड. बाईने खड्डा केला तो हौसेने नाही, वर नळाला पाणी चढत नाही म्हणून. नुसती नोटीस लावून खड्डे बुजत नाहीत. वरच्या आळीतल्या तोट्या नसलेल्या कनेक्शनांना तोट्या बसवा, थेट मोटारी काढा आणि दोन आळ्यांना वेगवेगळ्या वेळी पाणी सोडा, मोरीअलीकडचा व्हॉल्व्ह त्यासाठी वापरा. दाब सुधारला की नळ जमिनीच्या वर किमान दीड फूट घेता येतो. तोवर प्रत्येक खड्ड्यातल्या नळाला तोटी हवी, पाणी गेल्यावर ती बंद हवी आणि खड्डा कोरडा ठेवायला हवा.

दुरुस्ती झाली की लाइन जंतुमुक्त केल्याशिवाय पाणी देऊ नका. टाकीत फक्त ५,००० लिटर ठेवा. त्यात २५ टक्के ताकदीची ५०० ग्रॅम पावडर निवळी करून घाला, म्हणजे लिटरला २५ मिलिग्रॅम होतं. ९० मिमीच्या लाइनमध्ये मीटरला साधारण ५ लिटर मावतात, म्हणजे तुमच्या ४०० मीटरला २,००० लिटर पुरतात. बाकीचं पाणी टोकाला सोडून द्यायला लागतं. शेवटच्या नळाला ओटी नारिंगी-लाल येईपर्यंत पाणी वाहू द्या, मग सगळं बंद करून २४ तास लाइन भरलेली ठेवा. त्याआधी दवंडी द्या आणि तोटी नसलेल्या नळांना प्लग मारा, नाहीतर हे पाणी कोणीतरी हंड्यात भरून ठेवेल. नंतर वॉशआउटमधून (लाइन रिकामी करायच्या चावीतून) सोडताना ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. पडीक रानात जिरवा. ओटी १ च्या खाली आली की नेहमीचा पुरवठा सुरू.

टाकीत पावडर कशी टाकता तेही लिहा. वरच्या झाकणातून कोरडी भुकटी ओतत असाल तर चुना तळाला बसतो आणि मात्रा कधी कमी, कधी जास्त जाते.

गावपाणी
कोरडीच टाकत होतो, टाकी भरल्यावर. विहिरीचं राहिलं.

प्रयोगशाळेतून
बादलीत आधी थोड्या पाण्यात लगदा, मग पाऊण बादली पाणी, ढवळून पाच-दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता आणि चुन्याचा गाळ फेकून द्या. टाकी एक तृतीयांश भरली असताना निवळी घाला, वरून पडणाऱ्या पाण्याने ती आपोआप मिसळते. शेवटचं पाणी चढल्यावर किमान अर्धा तास थांबूनच चावी सोडा. दख्खनच्या विहिरींचं पाणी अनेकदा पीएच ८ च्या आसपास असतं आणि तिथे क्लोरिन मंद काम करतं, म्हणून तुमच्याकडे तास दिला तर जास्त चांगलं.

विहिरीचा हिशोब: व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ०.७८५. तुमचे ११३ घनमीटर, म्हणजे १,१३,००० लिटर. दुसऱ्या कपाच्या मात्रेने जवळजवळ १ किलो पावडर. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका, म्हणजे दहा बादल्या निवळी. बादली दोरीने पाण्याखाली सोडून जोरजोरात वरखाली हलवा, म्हणजे निवळी खोलवर मिसळते. नंतर किमान तासभर मोटार चालू करायची नाही, रात्री टाकलं तर उत्तम. ओढ्याचं किंवा वाहतं पाणी विहिरीत शिरलं की हे करायचं. रोजची भिस्त टाकीवरच ठेवा. विहिरीत टाकलेल्या दिवशी टाकीची मात्रा ओटी बघून कमी करा.

आता नमुन्याबद्दल, कारण इथेच निम्मे अहवाल फसतात. जंतुतपासणीची निर्जंतुक बाटली विसळायची नाही. तिच्यात सोडिअम थायोसल्फेट असतं, ते क्लोरिनला थांबवतं. साध्या बाटलीत नमुना नेला तर वाटेतही क्लोरिन जंतू मारत राहतं आणि नळाला दूषित असलेलं पाणी अहवालात ‘योग्य’ येतं. बाटली काठोकाठ भरू नका, वर बोटभर जागा ठेवा. बर्फाच्या डब्यात ठेवून सहा तासांत पोहोचवा, फार तर चोवीस. निकष कडक आहे: १०० मिली पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये.

नेहमीची पद्धत अशी की तोटी पुसायची, ज्योत फिरवायची, दोन-तीन मिनिटं पाणी सोडायचं, मग भरायचं. लाइनमधलं पाणी तपासायला ते ठीक. पण तुमचा दोष पहिल्या धारेत आहे आणि दोन-तीन मिनिटांत तीच निघून जाते. म्हणून खालच्या आळीतून दोन बाटल्या घ्या, एक पहिल्या धारेची, एक पाच मिनिटांनंतरची, आणि चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहा.

गावात लगेच अंदाज हवा असेल तर एचटूएसची (हायड्रोजन सल्फाइडची) कुपी वापरा. खुणेपर्यंत पाणी भरा, उबदार जागी ठेवा, २४ ते ४८ तासांत काळी झाली तर विष्ठेचं प्रदूषण धरून चाला. काळी झाली नाही म्हणून पाणी शुद्ध ठरत नाही, आणि क्लोरिन असलेल्या पाण्यावर ती फारशी कामाची नाही.

उपकेंद्र
लोकांनी तोवर काय प्यायचं याचं उत्तर कोणी दिलं नाही, आणि आजची घाई तीच आहे.

खालच्या आळीत नळाची पहिली दहा मिनिटं कोणी पिण्याला भरू नका. ती भांडी-धुण्यालाही नको, शौचालयात वापरा. नंतरचं पाणी दुहेरी सुती कापडातून गाळून खळखळ उकळी येऊ द्या, उकळी आल्यावर एक मिनिट, आणि झाकून त्याच भांड्यात गार करा. उकळून दुसऱ्या न धुतलेल्या हंड्यात ओतलं तर सगळं वाया. सरपण नसेल त्या घरी क्लोरिनचं द्रावण द्या. ५ टक्क्यांच्या सोडिअम हायपोक्लोराइटचा १ मिली, म्हणजे साधारण २० थेंब, २० लिटरच्या हंड्याला, ढवळून अर्धा तास झाकून ठेवायचं. बाटलीवरची ताकद वाचा, सगळ्या बाटल्या ५ टक्क्यांच्या नसतात. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, वरचं पाणी वेगळं काढा आणि मग द्रावण टाका. गढूळ पाण्यात थेट टाकलेलं क्लोरिन चिखलातच खर्च होतं. तुरटीने जंतू मरतात हा समज मात्र घरोघरी आहे, तो आशाताईंकडून आवर्जून काढा. हंड्यात हात घालायचा नाही, दांड्याचं ओगराळं ठेवा.

जुलाब सुरू झालेल्याला पहिल्या जुलाबापासून ओआरएस. पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, २४ तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात घालणं लहान मुलांना घातक ठरतं. मुलांना १४ दिवस झिंक, सहा महिन्यांवरच्यांना २० मिलिग्रॅम, त्याखाली १०. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, डोळे खोल, लघवी बंद, अशी लक्षणं दिसली तर वाट न बघता आरोग्य केंद्रात न्या. प्रतिजैविक सुरू करण्याआधी शौचाचा नमुना कॅरी-ब्लेअर माध्यमात (जंतू प्रयोगशाळेपर्यंत टिकवणाऱ्या) घ्यायला सांगा, नाहीतर पटकीचा जंतू मिळत नाही आणि साथ कशाची होती ते शेवटपर्यंत कळत नाही.

आणि जुलाब थांबले म्हणून रुग्णांची यादी बंद करू नका. जंतूंची मुदत वेगवेगळी असते. पटकी काही तासांत ते पाच दिवसांत, विषमज्वर एक ते तीन आठवड्यांत, काविळीचा ई विषाणू दोन ते आठ आठवड्यांनी. आज प्यालेल्या पाण्याची कावीळ दीड महिन्याने दिसेल. इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात हीच हिपॅटायटिस ई ची साथ आली होती. गरोदर बायकांना ती जिवावर बेतते. त्यामुळे खालच्या आळीतल्या गरोदर बायकांची यादी आजच करा आणि दोन महिने त्यांच्या घरी जात राहा. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड भागात जीबीएसचे (गियां-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला होता. जुलाबानंतर एक-दोन आठवड्यांनी कोणाच्या पायांतली ताकद गेली, मुंग्या आल्या, तर अशक्तपणा म्हणून घरी ठेवू नका.

गावपाणी
मोरीतला पाइप उघडला. ट्यूबच होती, दोन ठिकाणी. तुकडा उद्या बदलतो. शेवटचं विचारतो, सगळं झाल्यावर पाणी सुरक्षित कधी म्हणायचं?

प्रयोगशाळेतून
एका ‘योग्य’ अहवालावर नाही. दुरुस्तीनंतर लागोपाठ दोन पुरवठ्यांना खालच्या आळीतल्या पहिल्या धारेचे नमुने घ्या आणि दोन्हींत ई. कोलाय शून्य हवं. सोबत त्याच धारेची ओटी दहा सेकंदांत किमान ०.२. साथ चालू असेपर्यंत आणि काविळीची शंका असेल तोवर शेवटच्या नळाला ०.५ ठेवा, विषाणूंना तेवढं लागतं. हे दोन्ही जमेपर्यंत उकळायची सूचना मागे घेऊ नका.

व्हॉल्व्हमन
आणि नमुना घ्यायचा तो मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, गटार भरलेलं असताना. कोरड्या आठवड्यातला अहवाल या लाइनबद्दल काहीच सांगत नाही. मोरीच्या दोन्ही बाजूंच्या नळांची ओटी पावसाळाभर दर पुरवठ्याला वहीत लिहा. दोन आकड्यांत ०.२ पेक्षा जास्त फरक पडला की आधी तो जोड उघडून बघायचा.